स्पार्स केलं की मेमरी वाचतेच?

'मॅट्रिक्समध्ये शून्यं दिसली की स्पार्स करून टाका, मेमरी वाचते आणि कोड पळतो.' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. (स्पार्स म्हणजे शून्यं सोडून फक्त बाकीचे आकडे आणि त्यांच्या जागा साठवण्याची पद्धत.)

मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरचाच हिशोब बघू. साध्या मॅट्रिक्समध्ये प्रत्येक आकड्याला ८ बाइट लागतात. स्पार्समध्ये शून्येतर आकड्याचे ८ आणि तो कुठल्या ओळीत आहे हे सांगणाऱ्या निर्देशांकाचे आणखी ८, असे १६. शिवाय प्रत्येक स्तंभ कुठे सुरू होतो याची वेगळी नोंद. म्हणजे निम्म्या जागा भरलेल्या असतील तर बचत शून्य. त्याहून जास्त भरल्या तर उलट भुर्दंड.

खरी गंमत पुढे आहे. १०००×१००० ची त्रिकर्णी मॅट्रिक्स घ्या: कर्णावर २, शेजारच्या दोन कर्णांवर -१. शून्येतर आकडे फक्त २९९८, जागा साधारण ५६ हजार बाइट. आता तिच्यावर इन्व्ह (व्यस्त मॅट्रिक्स काढणारं फंक्शन) चालवा. उत्तराच्या दहाच्या दहा लाख जागा भरतात, आणि प्रकार स्पार्सच राहिल्यामुळे १.६ कोटी बाइट जातात. साध्या मॅट्रिक्सला ८० लाख पुरले असते! समीकरणंच सोडवायची असतील तर व्यस्त काढायचा कशाला? सरळ बॅकस्लॅश (\), म्हणजे समीकरणं थेट सोडवणारं चिन्ह, वापरा.

तसंच, स्पार्समध्ये नुसता १ मिळवला तरी मॅटलॅब साधी, पूर्ण मॅट्रिक्स परत देतं.

आणि लूपमध्ये एकेक आकडा भरत बसू नका. प्रत्येक वेळी आतली मांडणी सरकवावी लागते. ओळ, स्तंभ, किंमत अशा तीन याद्या आधी तयार करा आणि स्पार्स फंक्शनला एकदाच द्या. एकाच जागेच्या नोंदी दोनदा आल्या तर ते त्यांची बेरीज करतं.