आधी जावक, मग टपाल

ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये 'सेंड' दाबलं की पत्र जातं आणि 'सेंट' फोल्डरमध्ये त्याची प्रत दिसू लागते. हे एकच काम आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती दोन कामं असतात. पत्र बाहेर धाडायचं ते एसएमटीपीच्या नियमांनी, प्रत सर्व्हरवर ठेवायची ती आयमॅपच्या नियमांनी. अनेक प्रोग्रॅम तोच मजकूर, जोडलेल्या फायलींसकट, दोनदा वर चढवतात. पहिली खेप पोचली आणि दुसरीच्या मध्येच इंटरनेट गेलं, तर पत्र समोरच्याला मिळालेलं असतं आणि आपल्या दप्तरी त्याची नोंदच नसते.

सरकारी कचेरीतला कारकून असं होऊ देत नाही. पत्राला जावक क्रमांक पडतो, कार्यालयीन प्रत फायलीला लागते आणि मगच पाकीट टपालात जातं. ईमेल प्रोग्रॅमनंही हाच क्रम पाळायला हवा. त्यासाठी आधी पाठवण्याच्या कामात नेमकं काय घडतं ते बघू.

प्रोग्रॅम सर्व्हरला पाठवणारा कोण, घेणारा कोण ते सांगतो, मजकूर देतो आणि मजकूर संपला हे कळवायला एका ओळीत नुसतं एक टिंब पाठवतो. सर्व्हर उत्तर देतो: 250. या आकड्याला फार वजन आहे. एसएमटीपीची 1982 सालची नियमावली जॉन पोस्टेल यांनी लिहिली. तिची 2008 सालची आवृत्ती बजावून सांगते, की टिंबानंतर 250 म्हटलं म्हणजे पत्राची जबाबदारी सर्व्हरनं घेतली. पुढे यंत्र बंद पडलं, असल्या फुटकळ कारणानं ते हरवता कामा नये. म्हणून चांगला सर्व्हर पत्र आधी डिस्कवर उतरवतो, मग 250 म्हणतो. पुढचा सर्व्हर भेटला नाही तर पत्र रांगेत ठेवून सहसा चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतो आणि तरीही जमलं नाही तर पाठवणाऱ्याला तसं कळवतो.

खरी गोची टिंब आणि 250 यांच्या मधल्या क्षणात आहे. टिंब पोचलं, सर्व्हरनं पत्र ठेवून घेतलं, पण 250 परत येता येता जोडणी तुटली, तर पाठवणाऱ्याला काय झालं ते कळायला मार्ग नाही. पुन्हा पाठवावं तर दोनदा जाईल, न पाठवावं तर कदाचित कधीच जाणार नाही. क्रेग पार्ट्रिज यांनी 1988 मध्येच या अडचणीवर टिपण लिहिलं होतं. सर्व्हरनं टिंबानंतर वेळ न दवडता उत्तर द्यावं, हा त्यातला उपाय. पाठवणाऱ्यानंही घाई करू नये, उत्तरासाठी 10 मिनिटं थांबावं, असं 2008 ची नियमावली सांगते. तरीही शंका उरलीच तर ईमेलचा कौल ठरलेला आहे: दोनदा गेलं तरी चालेल, हरवायला नको. मला तो पटतो. मात्र पत्राचा ओळख क्रमांक, म्हणजे मेसेज-आयडी, पहिल्या प्रयत्नाआधीच ठरवून पुढच्या प्रत्येक प्रयत्नात तोच वापरला पाहिजे. मग दुसरी प्रत आलीच, तर ती तीच आहे हे ओळखता येतं.

आता जावक, म्हणजे पाठवण्याआधी आपल्याकडे ठेवायची प्रत. डिस्कवर लिहिलं असं प्रोग्रॅमला वाटतं तेव्हा मजकूर बऱ्याचदा नुसता मेमरीत असतो. वीज गेली की गेला. 2009 च्या सुमारास लिनक्सच्या ईएक्सटी4 या फाइल-व्यवस्थेत अशा रिकाम्या उरलेल्या फायलींवरून बराच गदारोळ झाला होता. 'एफसिंक' हा आदेश देऊन मजकूर खरोखर डिस्कवर गेल्याची खातरजमा करायची, मगच पुढे जायचं. क्यूमेल या सर्व्हरचे कर्ते डॅनियल बर्नस्टीन यांची पत्रं साठवण्याची 'मेलडिर' पद्धत याच धर्तीची आहे. प्रत्येक पत्र वेगळी फाइल, आधी तात्पुरत्या कप्प्यात पूर्ण लिहायची आणि नंतर एका फटक्यात 'न्यू' कप्प्यात हलवायची. त्यामुळे अर्धवट लिहिलेलं पत्र तिथे दिसतच नाही. सगळी पत्रं एकाच लांबलचक फायलीत ठेवणाऱ्या जुन्या 'एमबॉक्स' पद्धतीत एका चुकीनं शेजारची पत्रंही बिघडू शकतात.

दोनदा चढवण्याचं दुखणं काही ठिकाणी मुळातूनच काढलेलं आहे. जीमेलच्या सर्व्हरमार्फत पत्र पाठवलं की 'सेंट'मधली प्रत तो स्वतःच ठेवतो. 2019 साली प्रमाणित झालेल्या जेमॅप या ईमेलच्या नव्या नियमावलीत पत्र आधी सर्व्हरवर मसुदा म्हणून साठतं, मग 'हे पाठव' एवढीच सूचना जाते, आणि ती मान्य झाली की तोच मसुदा 'सेंट'मध्ये सरकवता येतो.

दोनदा चढवण्याच्या जुन्या पद्धतीत प्रोग्रॅमनं निदान स्पष्ट बोलावं. थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्रॅम सांगतो, की पत्र गेलं पण प्रत ठेवता आली नाही. पुन्हा प्रयत्न करा किंवा आपल्याच संगणकावर साठवा. नुसतं 'पाठवताना त्रुटी' म्हटलं असतं तर माणसानं तेच पत्र पुन्हा धाडलं असतं.

काहीजण खबरदारी म्हणून स्वतःलाच बीसीसी, म्हणजे बाकीच्यांना न दिसणारी प्रत, पाठवतात. मजकूर त्यामुळे शाबूत राहतो, पण बीसीसीत आणखी कोण होतं ते पोचलेल्या प्रतीत सहसा नसतं. ती नावं फक्त 'सेंट'मधल्या प्रतीत असतात.