वेबकॅमेरा, उघड्यावरील

उघड्या जागी कायम बसवलेल्या कॅमेऱ्यापुढचे दृश्य, ते घडत असतानाच, इंटरनेटवरून कोणालाही पाहता यावे यासाठी केलेली व्यवस्था. चौक, बंदर, डोंगरमाथा, पाणवठा, पक्ष्याचे घरटे ही तिची नेहमीची स्थळे. यंत्रसामग्री सीसीटीव्हीच्या जवळची असते, फरक प्रेक्षकाचा. सीसीटीव्हीचे चित्र पहाऱ्यावरच्या मोजक्या माणसांसाठी असते, वेबकॅमेऱ्याचे वाटेल त्याच्यासाठी. संगणकावरून समोरासमोर बोलण्यासाठी लागणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यालाही वेबकॅमच म्हणतात. तो येथे अभिप्रेत नाही.

उगम : पहिला वेबकॅमेरा म्हणून बहुतेक ठिकाणी केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतील कॉफीच्या भांड्यावर रोखलेल्या कॅमेऱ्याचा उल्लेख येतो. क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्झ्की यांनी १९९१ मध्ये ती सोय केली. जिना उतरून जावे आणि भांडे रिकामे मिळावे, हा मनस्ताप टाळणे एवढाच हेतू होता. चित्र १२८ × १२८ बिंदूंचे, करड्या छटांचे होते आणि मिनिटाला साधारण तीनदा बदलत असे. मात्र १९९१ मध्ये ते प्रयोगशाळेच्या अंतर्गत जाळ्यापुरतेच होते. डॅनियल गॉर्डन आणि मार्टिन जॉन्सन यांनी ते वेबवर आणले नोव्हेंबर १९९३ मध्ये. त्यामुळे ‘पहिला कॅमेरा १९९१ चा’ असे म्हणणारे आणि ‘पहिला वेबकॅमेरा १९९३ चा’ असे म्हणणारे दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. शब्दातला ‘वेब’ गांभीर्याने घ्यायचा तर १९९३ हेच वर्ष धरणे सयुक्तिक. २२ ऑगस्ट २००१ रोजी तो कॅमेरा बंद झाला. हे भांडे ट्रोजन रूम या खोलीच्या बाहेर, इमारतीतल्याच मार्गिकेत ठेवलेले असे. म्हणजे खोलीबाहेर होते, पण इमारतीबाहेर नव्हते. उघड्यावरच्या वेबकॅमेऱ्यांचे पूर्वजपण त्याला बहाल करताना ही गोष्ट सहसा नजरेआड होते.

प्रत्यक्ष उघड्यावरच्या कॅमेऱ्यांत सर्वांत जुना म्हणून सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातील ‘फॉगकॅम’चे नाव घेतले जाते. जेफ श्वार्ट्झ आणि डॅन वाँग या विद्यार्थ्यांनी केंब्रिजच्या भांड्यावरून कल्पना घेऊन तो १९९४ मध्ये सुरू केला. त्याचा दावा ‘पहिला’ असण्याचा नाही, ‘अखंड चालू असलेला सर्वांत जुना’ असण्याचा आहे. उद्धृत करणारे हा फरक पाळतातच असे नाही. लू माँटुली यांनी नेटस्केप हा ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या कचेरीत माशांच्या टाकीसमोर लावलेला कॅमेराही १९९४ चाच (त्या ब्राउझरमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ या कळा एकत्र दाबल्या की थेट मासे दिसत). पण ती टाकी छपराखालची. त्याच वर्षी संशोधक स्टीव्ह मान यांनी अंगावर बाळगलेल्या कॅमेऱ्यातून बाहेरची दृश्ये वेबवर पाठवायला सुरुवात केली. तो कॅमेरा माणसाबरोबर फिरणारा असल्याने ‘एका जागी बसवलेला’ या व्याख्येत तो बसत नाही. एकंदरीत जागा उघडी, कॅमेरा स्थिर आणि प्रेक्षक सार्वत्रिक या तिन्ही अटी लावल्या, तर फॉगकॅमचा दावा अधिक ग्राह्य ठरतो. फॉगकॅमचे ठिकाणही विद्यापीठाच्या आवारात अनेकदा बदलले, तेव्हा ‘अखंड’ हा शब्द थोडा सैल हातानेच वापरावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच्या जनकांनी, कॅमेरा ठेवायला चांगली जागा उरली नाही असे सांगून, तो बंद करण्याचे जाहीर केले होते. पुढे विद्यापीठानेच तो चालवायचे मान्य केले.

मोबाइलपर्यंतचा प्रवास : सुरुवातीचे सर्व कॅमेरे हलते चित्र नव्हे, तर एकामागून एक स्थिरचित्रे पाठवत. स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने १९९६ मध्ये, संगणकाशिवाय थेट जाळ्याला जोडता येणारा कॅमेरा बाजारात आणला. त्याचेही काम याच पद्धतीचे होते. पुढे ब्राउझरला जोडायच्या फ्लॅश या प्रणालीतून हलते चित्र सर्रास दिसू लागले. २००७ च्या आयफोनमध्ये मात्र फ्लॅश चालत नसे, आणि संगणकावर उत्तम दिसणारा कॅमेरा फोनवर नुसती रिकामी चौकट दाखवी. हा पेच ॲपलनेच २००९ मध्ये एचएलएस या पद्धतीने सोडवला. तिचे तपशील ऑगस्ट २०१७ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालेत आरएफसी ८२१६ म्हणून प्रसिद्ध झाले. समांतर अशी डॅश ही आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धती २०१२ ची. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला.

एचएलएसची युक्ती साधी आहे. कॅमेऱ्याकडून अखंड येणाऱ्या प्रवाहाचे मधला सर्व्हर काही सेकंदांचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकडा साध्या फाइलसारखा ठेवून देतो. सोबत तुकड्यांची एक यादी असते. नवा तुकडा तयार झाला की ती बदलते. फोन ती यादी पुन्हा पुन्हा मागवतो आणि तुकडे एकापाठोपाठ उतरवून घेतो. फाइल मागावी आणि मिळावी एवढाच हा व्यवहार असल्याने कार्यालयांच्या तटबंदीतही (फायरवॉलमध्ये) तो अडत नाही आणि हजारो प्रेक्षकांना एकच साठवलेली प्रत पुरते. एकाच दृश्याच्या जाड-बारीक आवृत्त्या ठेवल्या की रेंज घसरताच फोन हलकी आवृत्ती उचलतो.

याची किंमत मोजावी लागते ती वेळेत. तुकडा पुरा झाल्याशिवाय यादीत चढत नाही, आणि प्रमाणपद्धतीनुसार फोनने यादीच्या शेवटापासून किमान तीन तुकड्यांइतके मागे राहूनच सुरुवात करावी अशी अपेक्षा असते. आरंभी १० सेकंदांचे तुकडे रूढ होते, म्हणजे अर्धा मिनिट तिथेच गेला. नंतर ६ सेकंदांची शिफारस झाली; तरी १८ सेकंद उरतातच, शिवाय संकोचनाला, म्हणजे चित्राचा डेटा आटोपशीर करायला, लागणारा वेळ वेगळा. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये कॅमेऱ्यासमोर उभा राहून मुलगा घरी फोन करतो, “आई, हात हलवतोय, दिसतोय का?” आणि आई म्हणते, “नाही रे अजून.” तो कंटाळून हात खाली घेतो, तेव्हा इकडे हात हलायला लागतो. ‘थेट’ या शब्दाचा अर्थ येथे ‘ताजे’ एवढाच घ्यावा.

ॲपलने २०१९ मध्ये तुकड्यांचेही उपतुकडे पाठवणारी सुधारित पद्धत मांडली, त्यामुळे विलंब काही सेकंदांवर आला. वेबआरटीसी ही पद्धत (जानेवारी २०२१ पासून वेबची अधिकृत शिफारस) एका सेकंदाच्या आत चित्र पोचवते, पण तीत प्रत्येक प्रेक्षकाशी स्वतंत्र जोडणी राखावी लागते. दाराशी कोण आले हे पाहायला ती योग्य. घरट्यातले पिल्लू पाहणाऱ्याला २० सेकंदांनी काही बिघडत नाही.

एक तांत्रिक खाच अनेकांना छळते. प्रत्येक तुकडा पूर्ण चित्राने, म्हणजे की-फ्रेमने, सुरू व्हावा लागतो. नव्या कॅमेऱ्यांतील डेटा वाचवणारी ‘स्मार्ट’ सोय की-फ्रेम लांबणीवर टाकते, आणि मग तुकडे वेडेवाकडे पडून फोनवर चित्र अडखळते. दोन सेकंदांना एक की-फ्रेम आणि एच.२६४ संकोचन (२००३) ही जोडी जुन्या-नव्या सर्व फोनवर निर्धोक ठरते.

सेकंदाला दोन मेगाबिट वेगाचा प्रवाह तासाला सुमारे ९०० एमबी खातो. रोजचा दीड जीबीचा पॅक त्यात एक तास चाळीस मिनिटांत संपतो. पाठवणाऱ्याच्या बाजूने हेच गणित दिवसाला २१.६ जीबी होते. शिवाय मोबाइल कंपन्या इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक (आयपी) पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे सिमकार्डावर चालणाऱ्या कॅमेऱ्यापर्यंत बाहेरून पोचता येत नाही. त्यानेच आपला प्रवाह बाहेरच्या सर्व्हरकडे ढकलावा लागतो.

उघड्यावरील अडचणी : धूळ आणि पाणी रोखण्यासाठी आयपी६६ दर्जाचे आवरण सामान्यतः पुरते. वीज आणि संदेश एकाच तारेतून नेण्याची सोय १०० मीटरपर्यंत चालते. रात्रीच्या अवरक्त दिव्यांभोवती किडे जमतात, किड्यांमागून कोळी येतो आणि भिंगावर जाळे विणतो. झाडणीला पर्याय नाही. संकोचन हे दोन चौकटींतला फरक तेवढा साठवत असल्याने पाऊस, लाटा आणि वाऱ्याने हलणारी पाने डेटा फुगवतात. धुक्याचे दृश्य त्या मानाने फार स्वस्त पडते, हा फॉगकॅमच्या नावाला अनपेक्षित न्याय म्हणावा लागेल.

उपयोग : अलास्कात अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९९९ पासून हवामान-कॅमेरे उभारले. त्यांत दर काही मिनिटांनी नवे स्थिरचित्र येते आणि शेजारी निरभ्र दिवसाचे चित्र तुलनेला असते. खिंड दिसत नसेल तर वैमानिक उड्डाणच टाळतो. हलत्या चित्राची तेथे गरज भासली नाही. त्याच राज्यातील कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रूक्स धबधब्यावर सामन मासे पकडणारी अस्वले २०१२ पासून थेट दिसतात.

महाराष्ट्रात शिर्डीचे साईबाबा, मुंबईचा सिद्धिविनायक, पंढरपूरचा विठ्ठल यांचे थेट दर्शन मोबाइलवर घेतले जाते. ते कॅमेरे गाभाऱ्यातले असल्याने काटेकोरपणे या नोंदीत येत नाहीत, पण प्रसारणाचे तंत्र हेच.

सुरक्षा व खासगीपणा : कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदलण्याची सवय महागात पडते. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रॅमने असे असंख्य कॅमेरे ताब्यात घेऊन २१ ऑक्टोबर रोजी, संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन कंपनीवर हल्ला चढवला, त्यात अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे ठप्प झाली. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात व्यक्तीच्या घरगुती वापराला सूट आहे. सर्वांसाठी खुले प्रक्षेपण त्या सुटीत बसवणे कठीण दिसते. म्हणून जाणकार कॅमेरा उंच लावतात, चेहरे आणि गाड्यांचे नंबर वाचता येणार नाहीत इतपतच बारकावा ठेवतात आणि शेजाऱ्यांच्या खिडक्यांवर कॅमेऱ्यातच काळी पट्टी ओढून घेतात.