प्रवचनात न्याय कसा आला : १९७१ च्या एका वाक्याची पार्श्वभूमी

रविवारच्या प्रवचनात फादर पाणी, जमीन किंवा मजुरीवर बोलले की मिस्सा (कॅथलिक उपासना) संपल्यावर चर्चच्या आवारात दोन तट पडतात. एकाच्या मते फादरांनी राजकारण आणले, दुसऱ्याच्या मते ते अजून स्पष्ट बोलायला हवे होते. या वादाचे मूळ बहुतेक जण पोपच्या १८९१ च्या कामगारविषयक परिपत्रकात शोधतात. ते चूक नाही, पण अपुरे आहे; दुसरे मूळ १९७१ मध्ये रोममध्ये जमलेल्या बिशपांच्या एका वाक्यात आहे. त्या परिपत्रकाने कामगाराला जगण्यापुरती मजुरी मिळाली पाहिजे आणि संघटना करण्याचा हक्क असला पाहिजे, असे सांगितले. प्रवचनपीठावरून काय बोलावे, हा त्याचा विषय नव्हता.

तसे पीठावरून खडे बोल सुनावणारे आधीही होते. चौथ्या शतकात आशिया मायनरमधल्या, पुढे बिशप झालेल्या एका धर्मगुरूंनी दुष्काळात धान्य दाबून ठेवणाऱ्या श्रीमंतांना भर उपासनेत झोडपले. डिसेंबर १५११ मध्ये कॅरिबियनमधल्या सांतो दोमिंगोत एका संन्याशाने स्पॅनिश वसाहतवाल्यांना विचारले, की ही स्थानिक माणसे माणसे नाहीत का? वसाहतवाल्यांनी त्याने माफी मागावी असा आग्रह धरला, तर पुढच्या रविवारी तो अधिकच कडक बोलला. पण ही त्या त्या माणसाची हिंमत होती. पुढची कित्येक शतके सर्वसाधारण प्रवचन धर्मशिक्षण, सद्गुण, संतचरित्रे आणि नरकाची भीती यांच्याभोवतीच फिरत राहिले. गरिबांसाठी दानाचे आवाहन त्यात असे. गरिबी का आहे, हा प्रश्न क्वचितच.

खरा बदल आला तो १९६३ ते १९७१ या आठ वर्षांत. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या महासभेने) प्रवचन हा उपासनेचाच भाग आहे असे ठरवले आणि रविवारी ते गंभीर कारणाशिवाय गाळू नये, असा दंडक घातला. त्यापाठोपाठ १९६९ च्या आगमनकाळापासून (नाताळाआधीच्या आठवड्यांपासून) उपासनेतल्या बायबल वाचनांचे तीन वर्षांचे नवे चक्र सुरू झाले. याकडे अभ्यासकांचे नको इतके दुर्लक्ष झाले आहे. जुन्या एक वर्षाच्या चक्रात रविवारी जुना करार जवळजवळ नव्हताच. नव्या चक्रात संदेष्टे आले. तिसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या उत्तरार्धात लागोपाठ दोन रविवार आमोस या संदेष्ट्याचा ग्रंथ वाचला जातो: माप लहान आणि वजन मोठे करणारे व्यापारी, जोड्याच्या मोबदल्यात गरिबाला विकत घेणारे, हस्तिदंती पलंगावर लोळणारे. हे वाचून झाल्यावर प्रवचनकाराने नुसते नम्रतेवर बोलायचे म्हटले, तरी समोरच्यांनी वाचन ऐकलेले असतेच.

याच काळात मुंबईचाही संबंध येतो. डिसेंबर १९६४ मध्ये जागतिक ख्रिस्तप्रसाद परिषदेसाठी पोप मुंबईत आले. भारतात आलेले ते पहिलेच पोप. शस्त्रांवरच्या खर्चातला काही भाग बाजूला काढून जगातल्या गरिबांसाठी निधी उभारा, असे आवाहन त्यांनी इथून केले. १९६७ च्या विकासविषयक परिपत्रकात त्यांनी या आवाहनाची मुंबईचे नाव घेऊन आठवण करून दिली. पुढच्याच वर्षी कोलंबियातल्या बोगोटात त्यांनी न्यायाला प्रेमाचे किमान माप म्हटले. ज्याला हक्काचे द्यायचे आहे ते आधी द्या, दानाची गोष्ट त्यानंतर, असा त्याचा रोख होता.

आता मुख्य वाक्याकडे. १९७१ च्या शरद ऋतूत जगभरातले बिशप रोममध्ये धर्मसभेसाठी जमले. विषय दोन होते: धर्मगुरूपद आणि जगातला न्याय. वर्तमानपत्रांना रस होता तो धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्यात. न्यायावरच्या दस्तऐवजाच्या प्रस्तावनेत मात्र एक वाक्य आले, ज्याचा अर्थ असा: न्यायासाठी कृती आणि जगाच्या परिवर्तनातला सहभाग ही शुभवर्तमानाच्या (सुवार्तेच्या) घोषणेची घटक बाजू आहे. 'घटक' या विशेषणावरून वाद पेटला, आणि तो पुरता विझलेला नाही.

घटक म्हणजे किती घटक? पुरणपोळीत पुरण असते आणि वर तूपही असते. पुरण काढले तर ती पुरणपोळी उरत नाही. तूप नसेल तर जेवणारा कुरकुर करील, पण पोळी तीच. न्याय हे पुरण की तूप, एवढाच प्रश्न होता. पुरण म्हणावे, तर न्यायाबद्दल मूग गिळून बसणाऱ्या प्रवचनकाराने शुभवर्तमान सांगितलेच नाही असे होते. तूप म्हणावे, तर ते सांगितले, फक्त कोरडे सांगितले.

१९७४ च्या पुढच्या धर्मसभेतच सारवासारव सुरू झाली. १९७५ च्या सुवार्ताप्रसारावरच्या दस्तऐवजाने तो शब्द टाळून सुवार्ता आणि मानवी मुक्ती यांच्यात खोल नाते आहे असे म्हटले आणि लगेच बजावले, की तारण म्हणजे निव्वळ ऐहिक मुक्ती नव्हे. मग रोमच्या ईशज्ञान (धर्मशास्त्र) आयोगाने मुक्तीच्या प्रश्नावरील आपल्या निवेदनात म्हटले, की काटेकोर पाहता त्या शब्दाचा अर्थ 'अविभाज्य अंग' असा घ्यावा, 'सार' असा नव्हे. म्हणजे तूप, पण वाढायलाच हवे असे. हा अर्थ वाक्य लिहिणाऱ्या सभेने दिलेला नव्हता, नंतर लावला गेला, हे विसरता येत नाही.

या गदारोळात त्याच दस्तऐवजातला दुसरा मुद्दा मागे पडला, आणि माझ्या मते जास्त अडचणीचा तोच होता. न्यायावर बोलू धजणाऱ्याने आधी लोकांच्या नजरेत न्यायी असले पाहिजे, असे तिथे म्हटले आहे. चर्चने आपले वागणे, आपली मालमत्ता, राहणी आणि आपल्याकडे राबणाऱ्यांचे वेतन तपासावे, असेही. यावर कुणी शब्दच्छल केला नाही; तशी गरजच पडली नाही, कारण ते फारसे उद्धृतच झाले नाही. भारतात त्याचा हिशेब उशिरा मांडला गेला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले. शीख १९५६ मध्ये आणि बौद्ध १९९० मध्ये त्या यादीत आले, ख्रिस्ती आले नाहीत. याविरुद्ध प्रवचने होत राहिली. पण चर्चच्या आतही अस्पृश्यता पाळली जाते, ही लेखी कबुली देशातल्या बिशपांच्या धोरणपत्रात आली ती डिसेंबर २०१६ मध्ये.

पीठावरून बोलण्याची किंमत १९८० मध्ये दिसली. एल साल्वादोरच्या आर्चबिशपांची रविवारची प्रवचने रेडिओवरून देशभर ऐकली जात. सैनिकांनो, दडपशाही थांबवा, असे त्यांनी २३ मार्चला सांगितले आणि २४ ला मिस्सा चालू असताना त्यांना गोळी घातली गेली. त्यांना संतपद मिळायला २०१८ उजाडले. दरम्यान १९८४ मध्ये रोमने मुक्तीच्या ईशज्ञानातल्या (गरिबांची मुक्ती केंद्रस्थानी ठेवणाऱ्या धर्मविचारातल्या) मार्क्सवादी विश्लेषणावर कडक सूचनापत्र काढले. १९८६ चे सूचनापत्र बरेच मवाळ होते, पण लोकांच्या लक्षात पहिलेच राहिले.

वसईत हा विषय परिपत्रकांतून नव्हे, विहिरींतून आला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित पट्ट्यावर बिल्डरांची नजर पडली आणि टँकरवाले विहिरी उपसू लागले. त्या आंदोलनात ख्रिस्ती आणि हिंदू एकत्र उतरले. नेतृत्वात एका मराठी कॅथलिक मासिकाचे संपादक असलेले धर्मगुरू होते, जे पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. फादरांनी राजकारणात पडावे का, हा प्रश्न तिथल्या घराघरांत तेव्हा पोहोचला.

२००५ च्या प्रेमावरच्या परिपत्रकाने तराजू पुन्हा हलवला. न्याय्य समाज घडवणे हे राजकारणाचे काम, चर्चचे नव्हे, असे त्यात आहे. आणि चर्चने बाजूला उभे राहूनही चालणार नाही, असेही. शांतता हवी असणारे पहिले अर्धे वाक्य सांगतात, आंदोलनवाले दुसरे. २०१३ च्या दस्तऐवजाने प्रवचनाला बरीच पाने दिली आणि ते भाषण किंवा व्याख्यान होऊ देऊ नका असे बजावले. जून २०२४ मध्ये तर पोपनी आठ मिनिटांची मर्यादाच सांगितली. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या नव्या पोपनी १८९१ च्या परिपत्रककर्त्या पोपचेच नाव घेतले आणि त्याच ऑक्टोबरमध्ये गरिबांवरील प्रेमाविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला.