अन्नावरची वासना उडते तेव्हा

दूध-भाकर कुस्करून वाटी चाटूनपुसून साफ करणारं लेकरू. तेच सोमवारपासून ताटाकडं बघेना. घरात पहिला संशय नजरेवर जातो, मीठमोहऱ्या उतरवल्या जातात. दुसरा संशय दुकानातल्या पाच रुपयांच्या पुड्यावर. त्यात थोडं तथ्य आहेच, पण पुडा तर मागच्या महिन्यातही होता. मग भूक याच सोमवारी का गेली?

सहा ते दहा वर्षांचं मूल वर्षाला साधारण 5-6 सेंटिमीटर आणि 2-3 किलो वाढतं. तान्हेपणाच्या मानानं हा वेग मंद, त्यामुळं एखादी भाकर कमी-जास्त होतच राहते. आईची ती कुरबुर जुनीच असते. 'अचानक' हा शब्द आला, की मात्र कान टवकारायचे.

भूक पोटाला लागते असं आपण म्हणतो, पण ती ठरते मेंदूत. रिकाम्या जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं आणि मेंदूला निरोप देतं. जपानी शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये ते शोधलं. जंतू शिरले, की हा निरोप दाबला जातो. रोगाशी लढणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. त्यांनीच ताप चढतो, अंग मोडून येतं आणि अन्नावरची वासनाही उडते.

यात शरीराचा काही फायदा असेल का? 1979 मध्ये जंतुसंसर्ग झालेल्या उंदरांना नळीनं बळेच खाऊ घातलं, तर ते जास्त संख्येनं मेले. 2016 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात पुन्हा तपासलं, तेव्हा जिवाणूंच्या आजारात अन्न बाधलं, फ्लूच्या विषाणूत उलट अन्नानं तारलं. उंदरांचं गणित लेकराला लावून त्याला उपाशी ठेवायचं नाही, हे सांगायला नकोच. पण तापलेल्या पोराच्या तोंडात घास कोंबण्यातही शहाणपण नाही. पाणी, पेज, ताक चालू ठेवावं.

आपल्या मराठवाड्यात अशा वेळी आधी कावीळ आठवावी. उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात, गावं टँकरवर येतात, एकाच टिपातलं पाणी चार दिवस पुरवावं लागतं. हिपॅटायटिस ए चा विषाणू अशाच दूषित पाण्यातून येतो. तो शिरल्यापासून आजार दिसायला 15 ते 50 दिवस लागतात, म्हणून महिन्यापूर्वीचं पाणी कुणाला आठवत नाही. डोळे पिवळे व्हायच्या काही दिवस आधीच जेवण सुटतं, मळमळतं, लघवी गडद होते. गंमत म्हणजे विष्ठेतून विषाणू सगळ्यात जास्त पडतो तो याच दिवसांत, घरात कुणाला काविळीची शंकाही नसताना. म्हणून पाणी उकळणं आणि साबणानं हात धुणं तेव्हापासूनच लागतं.

गावोगावी काविळीची माळ घालतात. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणे. ओल्या काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते. कावीळही बहुतेक मुलांत आपोआप बरी होते. श्रेय मात्र माळेला!

एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा 42 च्या वर गेला, की धडधाकट पोरंही जेवत नाहीत. अन्न पचवताना अंगात उष्णता तयार होते, ती शरीराला नको असते. ऊन उतरल्यावर पोरगं रात्री नीट जेवत असेल, तर काळजी नाही.

शाळेतलं एक कारण पोरं सांगत नाहीत. संडास घाण असतो किंवा कडी नसते, म्हणून दिवसभर दाबून धरतात. मळाचा खडा होतो, पोट तट्ट राहतं आणि भूक मरते. मुलींमध्ये हे जरा जास्तच, आणि आपण त्यांनाच नखरेल म्हणतो.

काही वेळा मात्र थांबू नये. बेंबीजवळचं दुखणं उजवीकडे खाली सरकलं, तर अपेंडिक्स. तहान आणि लघवी वाढून वजन उतरू लागलं, तर मधुमेह. दोन आठवडे ताप-खोकला असेल, तर क्षयाची तपासणी. पहिल्या दोन्हींत त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि एक भीतीची गोष्ट. बोराची आठळी घशात अडकून जीव घाबरा झाला, की काही मुलं दुसऱ्या दिवसापासून घट्ट काहीच गिळत नाहीत. घसा साफ असतो. हे नाटक नव्हे. 2013 पासून मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात अशा अन्न टाळण्याला आजार म्हणून वेगळी जागा आहे. रागावलं की घसा आणखी आवळतो. पातळ वरणापासून मऊ भातावर, भातावरून दुधात भिजवलेल्या भाकरीवर यायला त्या लेकराला काही आठवडे द्यावे लागतात.