'गॉड'चे मूळ आणि आपले होमहवन

इंग्रजीतला 'गॉड' हा शब्द 'गुड'वरून आला, जो चांगला तो गॉड, असे अनेकांना वाटते. कल्पना गोड आहे, पण व्युत्पत्ती चुकीची. जुन्या इंग्रजीत देव या अर्थाच्या शब्दातला स्वर ऱ्हस्व होता, चांगला या अर्थाच्या शब्दातला दीर्घ. दोन्हींची मुळे निराळी. फारसी 'खुदा'शीही त्याचे नाते नाही. 'खुदा' हा शब्द मुळात मालक, धनी या अर्थाचा.

शब्दांचे नाते नुसत्या सारखेपणावर ठरत नाही, ध्वनिबदलाच्या नियमांवर ठरते. संस्कृतात जिथे 'ह' येतो, तिथे जर्मन कुळातल्या भाषांत बऱ्याचदा 'ग' असतो. आपला 'हंस' जर्मनमध्ये 'गान्स' आणि इंग्रजीत 'गूस' झाला. संस्कृत 'ह्यः' म्हणजे काल, त्याला जर्मनमध्ये 'गेस्टर्न' म्हणतात. हाच नियम 'गॉड'ला लावला की संस्कृतातले दोन शब्द समोर येतात, 'हूत' आणि 'हुत'.

इथे अभ्यासकांत दोन मते आहेत. 'हूत' म्हणजे हाक मारून बोलावलेला. ऋग्वेदात इंद्राला 'पुरुहूत' म्हटले आहे, म्हणजे पुष्कळांनी बोलावलेला. मराठीतले 'आव्हान' याच धातूचे. दुसरे मत 'हुत'चे, म्हणजे ओतलेला; त्याप्रमाणे मूळ धातू ओतण्याचा, ज्यातून आपल्याकडे होम, हवन, आहुती आले आणि जर्मनमध्ये ओतणे या अर्थाचे 'गीसन'. मला पहिले मत अधिक पटते; देवाला साद घालणे हे इंद्राच्या विशेषणात इतके स्पष्ट दिसते. पण कोणतेही मत घ्या, हे मुळात भूतकालवाचक धातुसाधित आहे. देव कसा आहे हे ते सांगत नाही, माणसाने त्याच्यासाठी काय केले ते सांगते.

हा शब्द आधी नपुंसकलिंगी होता. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने गॉथिक या जर्मन कुळातल्या जुन्या भाषेत बायबल आणले. तिथे ख्रिस्ती ईश्वरासाठी तो पुल्लिंगी वापरला आहे, जुन्या देवांसाठी मात्र अनेकवचनात नपुंसकलिंगीच राहिला. या भाषांतराची सर्वांत प्रसिद्ध प्रत स्वीडनमधल्या उप्सालाला आहे. जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या आणि सोन्याच्या शाईची अक्षरे, आणि त्यांत ईश्वराचा शब्द आदराने आखडून लिहिलेला: पहिले अक्षर, शेवटचे अक्षर, वर आडवी रेघ.

मग आपल्या 'देव' शब्दाचे काय? लॅटिन 'देउस' त्याचा सख्खा भाऊ. ग्रीक 'थेओस' मात्र नव्हे, दिसायला कितीही जवळचा वाटला तरी. इंग्रजीत हे कूळ 'टीव' या जुन्या देवाच्या नावात टिकले, आणि त्याचाच वार म्हणजे 'ट्यूजडे'.