नायिकेला वर जागाच उरत नाही

नागपुरात संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान कुठल्याही घरात जा, टीव्हीसमोरून एक वाक्य ऐकू येतंच: "एवढं चांगलं कोणी राह्यते का बाप्पा?" मालिकेतल्या नायिकेनं तेव्हा जावेच्या चोरीचा आळ स्वतःवर घेतलेला असतो. नाहीतर सासूनं घराबाहेर काढलं तरी उंबऱ्यावर थांबून तिच्या बीपीच्या गोळ्यांची वेळ नवऱ्याला सांगितलेली असते.

या वाक्याला आता विज्ञानाचा टेकू मिळाला आहे. "मानसशास्त्रानं सिद्ध केलंय, परिपूर्ण माणसं कोणालाच आवडत नाहीत, तेव्हा बिनधास्त चुका करा" असे संदेश मोबाइलवर फिरत असतात आणि त्यात कॉफी सांडणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या प्रयोगाचा दाखला असतो. मालिका पडली की तोच दाखला नायिकेच्या माथी मारला जातो. प्रयोग खरा आहे, पण तो पूर्ण सांगितला तर निष्कर्ष जवळजवळ उलटा निघतो.

मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरॉन्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६६ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात हा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक ध्वनिफीत ऐकवली. प्रश्नमंजूषेच्या संघात निवड व्हावी म्हणून एक मुलगा मुलाखत देतो आहे. एका फितीत तो अवघड प्रश्नांपैकी ९२ टक्के बरोबर सोडवतो, दुसऱ्या फितीत जेमतेम ३० टक्के. या दोन्ही फितींच्या आणखी एकेक आवृत्त्या होत्या. त्यांत शेवटी खुर्ची सरकल्याचा, कप पडल्याचा आवाज येतो आणि मुलगा कळवळून म्हणतो, अरे, माझ्या नव्या सुटावर कॉफी सांडली! मग विचारलं, हा मुलगा तुम्हाला किती आवडला?

सगळ्यांत जास्त आवडला तो हुशार आणि कॉफी सांडणारा. इथवर मोबाइलवरचा संदेश बरोबर आहे. पण दुसऱ्या क्रमांकावर होता काहीही न सांडणारा हुशार मुलगा. नीटनेटका सामान्य मुलगा त्याच्याही मागे, आणि कॉफी सांडणारा सामान्य मुलगा पार तळाशी. म्हणजे परिपूर्ण माणूस नावडता नव्हताच. चूक फक्त त्यालाच मानवली, ज्याच्या गाठीला आधीच भरपूर गुण होते. बाकीच्यांनी बिनधास्त चुका केल्या तर काय होतं, तेही त्याच प्रयोगात दिसतं, फक्त ते कोणी पुढं पाठवत नाही. शिवाय ऐकणारे सगळे तरुण पुरुष होते. १९७० साली ॲरॉन्सन यांच्याच सहभागानं झालेल्या पुढच्या प्रयोगात असंही आढळलं, की कॉफी सांडणारा जास्त आवडतो तो मध्यम आत्मसन्मानाच्या लोकांना. ज्यांचा आत्मसन्मान फार कमी किंवा फार जास्त, त्यांना न सांडणाराच बरा वाटला.

मला यातली खरी मेख वेगळीच वाटते. ती ध्वनिफीत एकदाच ऐकायची होती. मालिकेतली सून मात्र आठवड्यातून सहा दिवस, वर्षानुवर्षं घरात येते. पहिल्या भेटीतला चांगुलपणा आणि चारशेव्या भागातला चांगुलपणा मेंदूच्या लेखी एकच नाही. तो का नाही, हे सांगायला मी हा लेख लिहायला घेतला.

वोल्फ्राम शुल्ट्झ हे शास्त्रज्ञ १९८० आणि ९०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन (पेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन) सोडणाऱ्या मज्जापेशींवर काम करत होते. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. डोपामिनवाल्या त्यांतल्या जेमतेम काही लाख, पण त्यांचे तंतू मेंदूत दूरवर पसरलेले. माकडाच्या तोंडात फळाच्या रसाचा थेंब अचानक पडला की या पेशी जोरात कडाडायच्या, म्हणजे विजेचे भराभर ठोके द्यायच्या. मग शुल्ट्झ यांनी रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांत पेशी दिव्याला कडाडू लागल्या आणि रस मिळाला तरी गप्प राहू लागल्या. रस तोच, थेंब तेवढाच, माकड तो आवडीनं पितही होतं. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशींची नेहमीची संथ टकटकसुद्धा थांबायची.

म्हणजे या पेशी 'मिळालं' असं सांगत नव्हत्या. 'वाटलं होतं त्यापेक्षा जास्त मिळालं' किंवा 'कमी मिळालं' हे सांगत होत्या. मिळालेलं वजा अपेक्षित, ही वजाबाकी. तिला आपण अंदाजचूक म्हणू. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला तर कोणी मान वर करून पाहत नाही, गारा पडल्या तर अख्खी गल्ली बाहेर येते, तसं.

'डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन' असं म्हणून 'डोपामिनचा उपवास' विकणारे जे व्हिडिओ दिसतात, त्यांनी या वजाबाकीकडे पाहिलेलंच नसतं. उपवासानं डोपामिन साठत नाही आणि रील पाहून ते संपतही नाही.

आता थोडं गणित. रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी १९७२ साली शिकण्याचं एक साधं सूत्र मांडलं: नवी अपेक्षा म्हणजे जुनी अपेक्षा, अधिक शिकण्याचा वेग गुणिले अंदाजचूक. समजा, नायिका रोज १०० गुणांचं चांगलं वागते, आपली सुरुवातीची अपेक्षा शून्य आहे आणि शिकण्याचा वेग ०.३ आहे. पहिल्या भागानंतर अपेक्षा ३० होते. दुसऱ्या भागात अंदाजचूक उरते ७०, तिचे तीन दशांश म्हणजे २१, अपेक्षा ५१. मग ६५.७, मग जवळपास ७६. दहाव्या भागाअखेर ती ९७ च्या पुढं गेलेली असते. विसाव्या भागात नायिकेनं मूत्रपिंड दान केलं तरी अंदाजचूक एका गुणाहून कमी. तिचा चांगुलपणा कमी झाला नाही, फक्त त्यात आपल्याला कळण्यासारखं काही राहिलं नाही.

१९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी एक पाऊल पुढं टाकलं. प्रत्येक भागाअखेर एकदाच वजाबाकी करण्याऐवजी मेंदू ती क्षणाक्षणाला करतो: आत्ता जे मिळालं, अधिक पुढच्या क्षणापासूनच्या भविष्याचा अंदाज, एकाहून लहान अशा संख्येनं गुणून थोडा कमी केलेला, वजा या क्षणी असलेला अंदाज. या पद्धतीचं गणित रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी संगणकाला शिकवण्यासाठी आधीच मांडलं होतं, त्यांना २०२४ चा ट्यूरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान, मिळाला. या सूत्रात अंदाजचूक बक्षिसाच्या क्षणापासून मागं मागं सरकत पहिल्या खुणेपर्यंत जाते, आणि दिव्याला कडाडणाऱ्या पेशींचं कोडं सुटतं. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर एवढंच घ्या: थरार बक्षिसाकडून खुणेकडे सरकतो.) मालिकेत ही खूण म्हणजे प्रोमो, नाहीतर नायिकेनं पदर खोचताच वाजणारं ते ठरलेलं संगीत. पुढं काय होणार ते त्यातच कळतं. उरलेली वीस मिनिटं म्हणजे अपेक्षेप्रमाणे आलेला रस.

माकडाच्या रसापासून नागपूरच्या दिवाणखान्यापर्यंतची ही उडी माझी आहे, हे सांगायला हवं. पण ती मान्य केली तर एक गंमत दिसते. अपेक्षा १०० ला टेकलेल्या नायिकेला वर जागाच उरत नाही. तिच्याकडून धक्का बसलाच तर तो खालच्या दिशेनं. म्हणून दोनशे भाग देवीसारखी वागलेली सून एकदा खोटं बोलली की प्रेक्षक खवळतात, "तिला बिघडवलं" म्हणतात. उलट खाष्ट सासूची अपेक्षा तळाला गेलेली असते. तिनं सुनेच्या ताटात नुसती गरम पोळी वाढली तरी घरभर डोळे पाणावतात. कामाचा हिशेब मांडला तर सून हजार पट जास्त राबली आहे. वजाबाकीच्या हिशेबात मात्र सासू जिंकते.

झाडीपट्टीची नाटकं इथं आठवतात. वडसा आणि आसपासच्या कंपन्या दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत रात्रभर कौटुंबिक नाटकं करतात. त्यातला सोशिक भाऊ किंवा पतिव्रता सून निखळ चांगली असली तरी चालून जातं. पहाटेपर्यंतचीच तर गाठ. आणि मधेमधे विनोदी नट पडतो, चुकतो, मार खातो, अंदाजचुकीचा सगळा साठा त्याच्याकडे असतो. झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ते विनोदी भूमिकांसाठीच ओळखले जातात.

कंटाळा हे एक झालं. पण काही नायिकांचा नुसता कंटाळा येत नाही, रागही येतो. तो बहुधा दुसऱ्या वाटेनं येतो. क्रेग पार्क्स आणि असाको स्टोन यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गटानं मिळून गुण जमा करायचे होते. गटातला एक जण भरपूर द्यायचा आणि अगदी थोडं घ्यायचा. त्याला गटात ठेवायचं का, असं विचारल्यावर अनेकांनी त्याला काढायला सांगितलं. त्याच्यामुळे आम्ही वाईट दिसतो, असं कोणी म्हणालं, तर कोणी म्हणालं, असं कोणी वागतं का. ज्युलिया मिन्सन आणि बेन्वा मोनँ यांनी २०१२ साली मांसाहारींवर प्रयोग केला. शाकाहारी लोक आपल्याला नैतिकदृष्ट्या कमी लेखतात, या विचाराकडे आधी लक्ष वेधलं, की मांसाहारी त्यांच्याविषयी जास्त वाईट बोलत. सावजीच्या रश्श्यावर ताव मारताना पंगतीत एखादा वरण-भातवाला गप्प बसला असेल तर कोणाला काही वाटत नाही. त्यानं ताटाकडे बघून उसासा टाकला की झालं. नायिका असे उसासे फार टाकते.

आणि तिच्या चांगुलपणावर पत्रिकेचा शिक्का मारतात तेव्हा तर मला टीव्ही बंद करावासा वाटतो. ३६ पैकी ३६ गुण जुळले, तिची पावलं लागली आणि दुकान चालू लागलं. नफा जिच्या पावलांवर मांडला, तिलाच तोटा झाला की पांढऱ्या पायाची म्हणायचं, हा त्याच हिशेबाचा दुसरा रकाना.

तरीही 'परिपूर्ण म्हणजे नावडती' हे समीकरण भारतातल्या पहिल्या मोठ्या कौटुंबिक मालिकेतच फसलं होतं. 'हम लोग' दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ ला सुरू झाली आणि १५६ भाग चालली. मेक्सिकोतले निर्माते मिगेल साबिदो यांच्या पद्धतीवर ती बेतली होती. त्या पद्धतीत तीन प्रकारची पात्रं असतात: अनुकरणीय, टाळण्याजोगी आणि मधे हेलकावे खाणारी. प्रेक्षकानं आपलं नातं जोडावं ते या हेलकावे खाणाऱ्यांशी, असा हिशेब. 'हम लोग'मधली भागवंती, सगळं मुकाट सोसणारी आई, टाळण्याजोगं उदाहरण म्हणून रचली होती. स्त्रीनं असं सोसत राहू नये, हे तिच्याकडे पाहून कळावं. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की अनेक स्त्रियांनी तिलाच आदर्श मानलं होतं. सोशिकपणा लेखकाला दोष वाटला, बघणारीला गुण. नायिका परिपूर्ण आहे की नाही, हे ठरवताना पटकथाकाराचं मत शेवटी एकच मत असतं.

तेव्हा एखादी मालिका नायिकेच्या चांगुलपणामुळे पडली, असं म्हणायला पुरावा काय असतो? बहुधा टीआरपी. तो मोजण्यासाठी ठरावीक घरांत यंत्र बसवलेलं असतं. कोणती वाहिनी चालू आहे ते त्यात नोंदलं जातं आणि समोर कोण बसलंय त्यासाठी घरातल्या प्रत्येकाला वेगळं बटण दिलेलं असतं. "एवढं चांगलं कोणी राह्यते का" म्हणणारी मावशीही बटण दाबूनच बसलेली असते, नायिकेला नावं ठेवत पूर्ण भाग पाहते आणि तिची नोंद भक्त प्रेक्षक म्हणूनच होते. आकडा खाली गेला तर त्या आठवड्यात मालिकेची वेळ बदलली होती का, समोर आयपीएलचा सामना होता का, खलनायिका करणारी नटी सोडून गेली का, हे आधी तपासावं लागतं. त्यातलं काहीच झालेलं नसेल, तर मग नायिकेकडे वळावं.