संगणक-कॅबिनेटमधील शोभेचे दिवे
संगणकाच्या कॅबिनेटमध्ये, बाजूच्या पारदर्शक पॅनेलमधून दिसावेत अशा बेताने बसवलेले रंगीत किंवा जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट, 'यूव्ही') दिवे. रंगीत दिव्याचा स्वतःचाच प्रकाश नजरेत भरतो, तर जंबुपार दिवा शक्य तितका अदृश्य राहून इतर वस्तूंना उजळवतो. निवडीचे बहुतेक प्रश्न या भेदातून निघतात.

'अतिनील' आणि 'जंबुपार' या दोन्ही संज्ञा जांभळ्या प्रकाशापलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या एकाच प्रारणासाठी रूढ आहेत. प्रस्तुत नोंदीत 'जंबुपार' वापरली आहे, कारण दृश्य वर्णपटाची कड निळी नसून जांभळी असते, आणि या दिव्यांच्या खरेदीत होणारा घोटाळा नेमका त्या कडेवरचा आहे.

कॅबिनेटच्या पत्र्यात खिडकी कापून आत दिवे लावण्याची हौस साधारणपणे विसाव्या शतकाच्या अखेरीस बळावली असे मानतात. १९९८ मध्ये आलेल्या ॲपलच्या अर्धपारदर्शक आयमॅक संगणकाला काही जण तिचे श्रेय देतात. मात्र त्या यंत्राचे वैशिष्ट्य आवरण होते, आतला दिवा नव्हे. त्यामुळे ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) आणि घरगुती जलशीतन (संगणक पाण्याने थंड करणे) करणाऱ्या हौशी मंडळींकडे या प्रथेचे मूळ शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

जंबुपार दिव्यांचा परिणाम अनुस्फुरणावर अवलंबून असतो. पदार्थ कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषतो आणि जास्त तरंगलांबीचा बाहेर टाकतो. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये याचे विवेचन केले आणि फ्लुओरस्पार या खनिजावरून 'फ्लुओरेसन्स' हे नाव दिले. माणसाच्या डोळ्याला दिसणारा प्रकाश सुमारे ३८० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीपासून सुरू होतो. पाऱ्याच्या बाष्पावर चालणाऱ्या, गडद काचेच्या 'ब्लॅकलाइट' नळ्यांचा शिखर-उत्सर्ग ३६५-३७० नॅनोमीटरच्या आसपास असतो. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड यांच्या नावाने ओळखली जाणारी ही काच दृश्य प्रकाश बराचसा अडवते. 'यूव्ही' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त एलईडी पट्ट्या मात्र बहुधा ३९५ ते ४०५ नॅनोमीटरच्या असतात. त्या खरे तर जांभळ्या दिव्यांच्या अधिक जवळच्या होत. त्यांच्यापुढे पांढऱ्या प्लास्टिकमधली आणि कापडातली उजळक द्रव्ये (पांढरेपणा वाढवण्यासाठी घातलेली अनुस्फुरक द्रव्ये) मंद चमकतात व सगळ्या कॅबिनेटवर जांभळी झाक पसरते. हिरवी आणि नारिंगी अनुस्फुरक रंजके त्यांच्याखालीही चांगली उजळतात. काही हिरव्या रंजकांना तर साधा निळा एलईडीही पुरतो. म्हणून दिव्याच्या वेष्टनावर तरंगलांबीचा आकडा नसेल, तर नुसत्या 'यूव्ही' या अक्षरांवर विसंबणे बरे नव्हे.

आधी सुटे भाग पाहावेत आणि मग दिवा ठरवावा, हा क्रम जास्त विश्वासाचा. केबल, पंखे, नळ्या, शीतक द्रव यांत अनुस्फुरक रंजक नसेल, तर जंबुपार दिव्याला उजळवण्याजोगे काहीच उरत नाही. तीव्र पांढरा प्रकाश शेजारी असला की अनुस्फुरण फिके पडते. दोन्ही हवे असल्यास त्यांचे स्विच वेगळे ठेवावेत. रंगीत प्रकाशाचे गणित निराळे आहे: निव्वळ लाल प्रकाशात निळी केबल जवळजवळ काळी दिसते. रंगीबेरंगी भागांना पांढरा प्रकाश आणि काळ्या-करड्या भागांना एखादाच रंग, हा मेळ सहसा फसत नाही.

कोल्ड कॅथोड नळ्यांना (कॅबिनेटमध्ये पूर्वी वापरल्या जाणाऱ्या बारीक प्रकाशनळ्या) १२ व्होल्टवर चालणारा, दाब वाढवणारा इन्व्हर्टर लागतो, आणि नळीकडे जाणारा विद्युतदाब शेकडो व्होल्टचा असतो. शिवाय नळीत पारा असतो, त्यामुळे फुटलेली नळी उघड्या हातांनी उचलू नये. त्यांची जागा आता एलईडींनी घेतली आहे. मदरबोर्डवरील साध्या आरजीबीची (लाल-हिरवा-निळा मिसळून सगळ्या पट्टीला एकच रंग देणारे एलईडी) जोडणी बहुधा १२ व्होल्ट आणि चार पिनांची असते, तर प्रत्येक दिव्याचा रंग स्वतंत्रपणे बदलणाऱ्या एआरजीबीची ५ व्होल्ट आणि तीन पिनांची. ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टवर जोडली की ती जळण्याची शक्यता मोठी. एआरजीबीतील एक जुना, रूढ प्रकारचा एलईडी पूर्ण पांढऱ्या प्रकाशाला सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो; अशा ६० दिव्यांना ३.६ अँपिअर, म्हणजे १८ वॉट लागतात. मदरबोर्डच्या जोडणीची मर्यादा तेवढी नसेल, तर वीज थेट पॉवर सप्लायमधून घेतात.

जंबुपार दिवा डोळ्याला मंद भासतो, त्यामुळे बाहुली आकुंचन पावत नाही आणि नजरही आपोआप वळत नाही. म्हणून तो पॅनेलच्या कडेमागे, थेट दिसणार नाही असा बसवावा. तापवून कडक केलेल्या काचेतून दीर्घ तरंगलांबीच्या जंबुपार प्रारणाचा बराच भाग पार होतो. स्थिरक (जंबुपार प्रारणापासून प्लास्टिकला वाचवणारे द्रव्य) मिसळलेले ॲक्रिलिक त्यातला पुष्कळसा अडवते. अनुस्फुरक प्लास्टिकचा रंग या प्रारणाने कालांतराने फिका पडतो. रंजक घातलेल्या शीतकातून गाळ बसून जलशीतकाच्या बारीक खाचा तुंबू शकतात, तेव्हा असा द्रव उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावा लागतो.